भावाला दोन कमी

ओधवजी कंसारांना मी कधी कोणाच्या घरी जेवताना पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, बाराव्याला नाही, दिवाळीला नाही. आमच्या अलंगच्या रस्त्यावर प्रत्येक सौदा चहाच्या बशीवर पक्का होतो. तिथे हा माणूस तीस वर्षं आपल्या पितळी डब्यातला बाजरीचा रोटला भिंतीकडे तोंड करून एकट्याने खात आला.

गर्विष्ठ म्हणाल, तर ते तसे नव्हते. त्यांचं कामच तसं होतं.

या रस्त्याला दोन्ही अंगांना खाडे आहेत. पत्र्याचं कुंपण आणि आत मोडीत काढलेल्या जहाजांच्या पोटातून निघालेलं सामान. कोणाच्या खाड्यात गाद्या, कोणाच्या खाड्यात कपबशा, कोणाकडे नुसत्या शिड्या. केबलचे खाडे मागच्या बाजूला, कारण केबलला काही रूप नसतं. धुळीने माखलेली, रंगाचे थर चढलेली भेंडोळी अजगरासारखी पडलेली असतात आणि आत काय आहे ते वरून कोणालाच कळत नाही. विकणारा म्हणतो, शंभर किलोत साठ किलो तांबं आहे. घेणारा म्हणतो, चाळीस निघालं तर नवस फेडीन. दोघंही खोटं बोलत असतात आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. मग तिसरा कोणी म्हणतो, ओधवभाईंना बोलवा.

मी नाटकातला माणूस, जन्मभर लोकांचे प्रवेश पाहत आलो. कोणी टाळी घ्यायला येतं, कोणी धाप लागल्यासारखं. ओधवभाई कधी आले ते कळायचंच नाही. बघावं तर ढिगाशेजारी उभे, जणू पडदा उघडायच्या आधीपासून तिथेच होते. अंगात खादीचा सदरा, कमरेच्या दोरीला लोहचुंबक, खांद्यावरच्या पिशवीत कातर, सुरी, कानस आणि सोनाराकडे असतो तसा लहान काटा.

ढिगाच्या वरची केबल ते कधी घेत नसत. विकणारा चांगला माल वरच ठेवतो. ते मध्यावर हात घालून एक भेंडोळं ओढायचे आणि त्याचंही टोक सोडून पोटातून हातभर तुकडा कापायचे. आधी तुकड्याचं वजन. मग सुरीने उभा छेद देऊन एकेक थर उतरवायचे. बाहेरचं रबर, त्याखाली तारेची विणलेली जाळी, त्याखाली पुन्हा रबर, मग रंगीत आवरणं आणि शेवटी तार. जहाजाची तार पांढरी दिसते. नवखा माणूस ती बघून ॲल्युमिनियम म्हणून हसतो. ओधवभाई कानशीचा एकच हात मारायचे. पांढऱ्या कथलाखाली लाल रेघ उमटली की तांबं. कधी उलटं असतं, वरून लाल आणि आत पांढरं. तसली तार ते विकणाऱ्याच्या हातात परत द्यायचे, बोलायचे काही नाही, पण तो माणूस आठवडाभर मान वर करत नसे. मग जाळीला लोहचुंबक लावायचं, लोखंड असेल तर बाजूला, आणि उरलेलं तांबं काट्यावर. मनात हिशेब झाला की एक आकडा सांगायचे. शंभरात इतके. त्याला उतारा म्हणतात, उसाला साखरेचा असतो तसाच. तो आकडा झाला की दोन्ही बाजूंची तोंडं बंद.

एवढा मान होता, कारण एक नियम होता, जुन्या व्यापाऱ्यांनी घातलेला. ओधवभाईंच्या शब्दावर संशय आला तर कोणीही भट्टी मागू शकतो. दहा किलो केबल सोलायची, तांबं मुशीत गाळायचं, लगड ओतून वजन करायचं. पण एकदा त्यांच्या शब्दावर भट्टी लागली की ते खरे ठरोत नाहीतर खोटे, त्या दिवसापासून त्यांनी या बाजारात कातर उचलायची नाही. ज्याचा शब्द तपासावा लागतो तो माणूस बाजाराच्या कामाचा नाही, असा त्यामागचा विचार. पस्तीस वर्षांत भट्टी कोणी मागितली नव्हती.

हे कंसारा, म्हणजे कासार, मूळचे सिहोरचे. तिथे घरोघर तांब्यापितळेवर हातोडे चालायचे. स्टीलची भांडी आली आणि आळीच्या आळी मुकी झाली. थोरले वीरजीभाई आणि धाकटे ओधवजी, दोघं भाऊ एक ट्रंक घेऊन इथे आले. जहाजं तेव्हा नुकतीच किनाऱ्याला लागायला लागली होती. वीरजीभाईंना बोलता यायचं आणि ओधवभाईंना तांबं कळायचं. पत्रा पडला तरी आवाजावरून ते सांगत, नवं तांबं की गाळलेलं.

उताऱ्याचं काम सुरू झालं त्या पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं. ओधवभाई पंगतीला बसले, चार लाडू खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याच व्यापाऱ्याच्या मालाचा उतारा काढला. तो चांगला निघाला, कारण मालच चांगला होता. घेणारा हसून एवढंच म्हणाला, लाडू बोलतोय. बाकीचेही हसले. ओधवभाई हसले नाहीत. त्या दिवसापासून ज्याच्याकडे विकायला किंवा घ्यायला तांबं आहे, त्याच्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही. आणि या रस्त्यावर तांबं कोणाकडे नाही?

तरी एक घर राहिलं होतं, भावाचं. दुपारसंध्याकाळ तिथे जेवायचे. मग चारेक वर्षांनी वीरजीभाईंनी स्वतःचा खाडा काढला, केबलचाच. ज्या दिवशी नारळ फोडला, त्या दिवशी ओधवभाई प्रसादाचं खोबरं हातात घेऊन उभे राहिले आणि तसंच खाली ठेवून घरी गेले. वीरजीभाई पुढे कित्येक वर्षं ते सांगायचे. सांगताना आवाज चढायचा. माझ्या घरचा रोटला लाच झाला? लहानपणी माझ्या ताटातला ओढून खायचा तो?

दोघांची घरं एका भिंतीने जोडलेली. मोंघीबेन, म्हणजे वीरजीभाईंची बायको, सुरुवातीला रोज ताट झाकून भिंतीवर ठेवायच्या. ते कावळे खायचे. महिन्याभराने त्यांनी ठेवायचं बंद केलं. पलीकडे ओधवभाई चूल पेटवायचे. रोटला, भाजलेली मिरची, कधी कढी. लग्नाची बोलणी झाली होती तळाजाच्या एका घरी. मुलीचा मामा केबल घेणारा निघाला. ओधवभाई म्हणाले, बघू सवडीने. ती सवड काही आली नाही.

आमची नाटक कंपनी तळाजाच्या मुक्कामात मोडली आणि मी इकडेच राहिलो, त्यांच्या दारासमोर. पहिल्या आठवड्यात ते माझ्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले आणि विचारलं, "मास्तर, तुम्ही भंगार घेता का?"

मी म्हणालो, "अहो भाई, मीच भंगार. मला घेणारा मिळाला तर कळवा."

ते हसले नाहीत. नीट विचार केल्यासारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून चार वाजता चहाला यायला लागले. आत कधी आले नाहीत. दारात उभं राहायचं, पाठ माझ्याकडे, तोंड रस्त्याकडे, आणि कप रिकामा झाला की तो पाण्याने विसळून पालथा घालून जायचं. खायला दिलं तर हात जोडायचे. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडात घास जाताना मी पाहिला नव्हता.

आता जे सांगतो ते बाजारात सगळ्यांना माहीत होतं, फक्त ओधवभाईंना वाटायचं की कोणाला माहीत नाही. उतारा कितीही नीट काढा, एकदोन आकड्यांची वर खाली जागा राहतेच. केबलीत ओल असते, ग्रीस असतं, एक भेंडोळं दुसऱ्यासारखं नसतं. ती जागा काढणाऱ्याच्या मनाची असते. परक्याच्या मालाला ओधवभाई मधला आकडा द्यायचे. भावाच्या मालाला नेहमी खालचा. त्रेपन्न वाटले तर एकावन्न. कोणी म्हणू नये की भावाकडे हात कलला. म्हणून घेणारे वीरजीभाईंच्या खाड्यावर मुद्दाम ओधवभाईंनाच बोलवायचे. आणि वीरजीभाई? उतारा ऐकला की ते फक्त टोपी काढून डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, चला, काटा लावा.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात वीरजीभाई गेले. ओधवभाईंनी खांदा दिला, तेरा दिवस सगळं केलं, आणि बाराव्याच्या पंगतीत वाढत फिरले. स्वतः बसले नाहीत. नातेवाईक कुजबुजले.

खाड्यात वीरजीभाईंचा शेवटचा माल ताडपत्रीखाली पडून होता. सात टन केबल, सगळी जुन्या जहाजाची, राखाडी रंगाचे थर इतके चढलेले की आतली जाळी दिसायचीच नाही. वीरजीभाईंनी ती घेताना घराचे कागद गहाण टाकले होते. मोंघीबेनची मुलगी दक्षा सुरतेला असते. जावई भला माणूस. तो मोंघीबेनना म्हणत होता, बा, घर विका आणि आमच्याकडे या. मोंघीबेनना जायचं नव्हतं, पण न जाण्यासाठी तो माल चांगला जायला हवा होता.

घ्यायला आला जामनगरचा केयूर दोमडिया. तिशीचा, गॉगल डोक्यावर, हातात ते नवीन यंत्र, पिस्तुलासारखं. धातूवर रोखलं की नाव सांगतं. केबलवर रोखलं तर ते रंगाचंच नाव सांगत बसलं. केयूर स्वतःच हसला. म्हणाला, भाव शंभर किलोला उताऱ्याप्रमाणे, आणि उतारा ओधवकाका सांगतील तो. मोंघीबेनच्या बाजूने कोणी हरकत घ्यायला नव्हतं. केयूर एवढ्या आनंदाने का मान्य करतोय, ते सगळ्या रस्त्याला कळलं होतं. घरच्या माणसाला दोन कमी. शिवाय रंगाखालची जाळी लोखंडाचीच असणार, जुन्या जहाजांची बहुतेक असते. एकूण अठ्ठेचाळीसच्या पुढे जात नाही, असा त्याचा अंदाज.

सौद्याच्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. मोंघीबेन भिंतीशी आल्या. पलीकडे ओधवभाई कानस पुसत होते. एवढ्या वर्षांत त्या भिंतीवरून दोघांचं बोलणं म्हणजे पाणी आलं का आणि वीज गेली का, एवढंच.

"ओधवभाई, एक सांगते, ऐका आणि विसरा," त्या म्हणाल्या. "पन्नासच्या वर आलं तर घराचे कागद सुटतात आणि मी इथेच राहते. खाली आलं तर दिवाळीला मी सुरतेत. म्हणून काही जास्त सांगा असं नाही म्हणत. तुम्ही सांगणारही नाही, मला माहीत आहे. पण तुम्हाला ठाऊक नव्हतं असं नको."

ओधवभाईंनी कानस पिशवीत घातली. "भाभी, हे मला सांगायला नको होतं," म्हणाले.

"का, मी कोणाला सांगू? भिंतीला?"

त्या आत गेल्यावर ते बराच वेळ भिंतीच्या त्या भागाकडे बघत उभे होते, जिथे पूर्वी ताट ठेवलेलं असायचं. मोंघीबेन गेल्या तर त्या भिंतीपलीकडे कोणी पाणी ओतणार नव्हतं, कोणी भांडं आपटणार नव्हतं. एकट्या माणसाला शेजारच्या भांड्यांचा आवाज काय असतो, ते मला विचारा.

खाड्यावर वीसेक लोक जमले होते. एवढी गर्दी उताऱ्याला होत नाही. ओधवभाई नेहमीसारखे आले, ढिगात हात घालून भेंडोळं ओढलं, तुकडा कापला, सोलायला बसले. बाहेरचं रबर निघालं. खाली जाळी, जाडसर, राखाडी रंगाने लिंपलेली. त्यांनी लोहचुंबक लावलं. ते खाली पडलं.

त्यांनी उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. मग त्यांनी ते खाड्याच्या पत्र्याला लावून पाहिलं. तिथे टक्कन चिकटलं. सुरीच्या पाठीने जाळीवरचा रंग खरवडला, कानशीचा हात मारला. लाल रेघ.

माझ्यापासून ते चार हातांवर होते. त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. जाळी तांब्याची असेल तर उतारा पाच आकड्यांनी वर जातो. पण एका तुकड्यावरून सगळ्या ढिगाचं कसं सांगायचं? इथेच ती मनाची जागा होती. आजवर अशा वेळी त्यांनी एकच केलं असतं. घरचा माल आहे, शंका आहे, खालचा आकडा सांगा आणि पिशवी उचला. अठ्ठेचाळीस म्हटलं असतं तर कोणी भुवई उंचावली नसती. उलट लोक म्हणाले असते, बघा, भावजयीलाही सोडलं नाही.

त्यांनी पिशवी उचलली नाही. दुसरं भेंडोळं ओढलं. मग तिसरं, ढिगाच्या पलीकडच्या अंगाचं. मग चौथं, अगदी तळातलं, दोन माणसं लावून. प्रत्येकातून तुकडा, प्रत्येकाचे सगळे थर, प्रत्येकाचं वजन. एरवी पाव तासाचं काम. त्या दिवशी सूर्य खाड्याच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेला. केयूर दोनदा म्हणाला, काका, किती बघाल. त्यांनी मान वर केली नाही. शेवटी उभे राहिले, गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"चोपन्न."

रंगमंचावर असा एक क्षण येतो की पुढचं वाक्य कोणाचं, हेच सगळे विसरतात. तसं झालं. मग केयूर हसला.

"काका, भिंतीपलीकडून चहा आला वाटतं आज," तो म्हणाला. "मी भट्टी मागतो."

कोणीतरी त्याचा हात धरला. एक म्हातारा व्यापारी त्याच्या कानाशी लागला, हे मागू नकोस, याचा अर्थ काय ते तुला कळत नाही. केयूर म्हणाला, मला फक्त तांबं किती आहे ते कळायला हवं. त्याचंही चुकत नव्हतं. सात टनांचा सवाल होता. मोंघीबेन खाड्याच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे येऊन म्हणाल्या, राहू दे, पन्नास धरा, मला चालेल. पन्नासावरही घर सुटत होतं, जेमतेम का होईना.

ओधवभाई त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "चोपन्न म्हटलंय मी. लावा भट्टी."

केयूरने स्वतः दहा किलो निवडलं, जिथून वाटेल तिथून. दुपारी शेजारच्या ओतकामाच्या शेडमध्ये मूस पेटली. सोललेली तार, सोललेली जाळी, सगळं त्यात गेलं. वर मळी आली, ती झाऱ्याने काढली, हिरव्या ज्वाळा उठल्या. ओधवभाई शेडच्या बाहेर कडुनिंबाखाली बसले होते, दुसऱ्याच कोणाच्या कामाला आल्यासारखे. मी त्यांच्याजवळ बसलो. नटाला शेवटचा प्रयोग कुठला ते आधी सांगत नाहीत, नाहीतर तो नीट होत नाही. त्यांना मात्र ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून कातर काढली, कानस काढली, दोन्ही फडक्याने पुसली आणि परत आत ठेवली.

लगड थंड झाली. काट्यावर पाच किलो चारशे दहा ग्रॅम.

केयूर बाहेर आला, गॉगल काढला, वाकून पायाला हात लावला. म्हणाला, काका, माफ करा, चोपन्नाचेच पैसे देतो. त्याने दिलेही, तिथेच, एक पैसा न कापता. ओधवभाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तू बरोबर केलंस. माल तू घेणार होतास." मग पिशवी त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या मांडीवर ठेवली. म्हातारा म्हणत होता, अहो, नियम आम्हीच केला, आम्हीच मोडू. बाकीचेही हो हो म्हणाले. ओधवभाईंनी सगळ्यांना हात जोडले आणि चालू लागले. मला माहीत होतं की दुसरं कोणी नियम मोडणार असेल तर मोडो, ओधवभाई मोडणार नाहीत.

मी मागोमाग गेलो. ते आपल्या दारापाशी थांबले, कुलपाला किल्ली लावली, पुन्हा काढली. मग चार पावलं पुढे जाऊन मोंघीबेनच्या ओसरीत जाऊन बसले. खाली, जमिनीवर, जसे कोणी पाहुणे बसतात, पाय आखडून. मला म्हणाले, मास्तर, तुम्हीही बसा. एकट्याने आत जायचा धीर नसावा.

मोंघीबेन मागाहून आल्या. त्यांना ओसरीत बघून त्या दारातच थबकल्या. आत गेल्या आणि पंधरा मिनिटांत तीन ताटं घेऊन आल्या. रोटला, वांग्याचं भरीत, कढी, लसणाची चटणी. एक ताट त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे, एक स्वतःला.

ओधवभाई ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाभी, मोठ्या भावाच्या प्रत्येक मालाला मी दोन कमी सांगितले. पहिल्यापासून. आज चार चार तुकडे कापून बघितले तेव्हा कळलं, इतक्या वर्षांत किती कापलं असेल मी. असा एकदाही त्याचा माल नीट बघितला नाही."

मोंघीबेन कढीत चमचा फिरवत होत्या. "ते त्यांना ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"घरी येऊन सांगायचे. आज ओधवाने दोन कापले. मी चिडायचे. भांडा त्याच्याशी, म्हणायचे. तर ते म्हणायचे, वेडी आहेस, दुसऱ्या कोणाचे कापतो का तो? माझ्या घरचं खात नाही, माझ्या घरी येत नाही, पण दोन कापतो म्हणजे अजून घरचा समजतो. ज्या दिवशी पुरे देईल, त्या दिवशी समज, मी परका झालो." त्यांनी चमचा खाली ठेवला. "आणि आज तुम्ही मला पुरे दिलेत, ओधवभाई. म्हणजे आता मी परकी म्हणायची."

त्या हसल्या, पण ते हसू कशासाठी होतं ते मला सांगता येणार नाही. ओधवभाईंनी मान खाली घातली. रोटला निवत होता. त्यांनी एकदा हात ताटाकडे नेला, घास तोडला, आणि तो तोंडापर्यंत जाईना. आमच्याकडे बघितलं, पुन्हा ताटाकडे. एवढी वर्षं ज्याने माणसांसमोर तोंड उघडून घास घेतला नाही, त्याला ते येतच नव्हतं. लहान मुलाला परक्या घरी होतं तसं झालं होतं. घास परत ताटात गेला. ते उठायला लागले, म्हणाले, घरी घेऊन जातो ताट, रागावू नका.

"बसा," मोंघीबेन म्हणाल्या. त्यांनी स्वतःचं ताट उचललं आणि त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीही फिरा तिकडे."

आमच्या कंपनीत समोरच्याला पाठ दाखवणं हा सर्वांत मोठा गुन्हा होता. त्यासाठी मी मालकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. मी फिरलो, रस्त्याकडे तोंड करून बसलो. तिघंही तीन दिशांना. समोरून एक ट्रक जहाजाची शिडी घेऊन गेला. मी जेवत होतो आणि जेवत नव्हतो, कान मागे लागले होते. बराच वेळ काही नाही. मग रोटला मोडल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा.

कढीची वाटी खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

"भाभी," मागून ओधवभाई म्हणाले, घसा साफ करून. "कढीत मीठ कमी आहे. बरंच कमी."

मोंघीबेनचा हात काही क्षण थांबला. मग त्यांनी न वळता मिठाचं भांडं मागे सरकवलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता कसं."